सशाची सर्दी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले म्हणजे विषय भारदस्त असावा, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. बचत, बालसंगोपन, आहार, आरोग्य यांवर येथे पुष्कळ चांगली भाषणे झाली. माझा विषय कार्यवाहबाईंना कळवला, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, सशाला सर्दी झाली तर आपण काय करणार?" मी म्हटले, "तेच सांगायचं आहे. मला ते वेळेवर ठाऊक नव्हतं, म्हणून एक जीव माझ्या हातून गेला."

आपल्या गल्लीत हिंडून पाहिले, तर चार घरांआड एका घरी तरी सशाचा पिंजरा दिसतो. मुले हट्ट धरतात, बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी येते, आठ दिवस सगळे घर तिच्याभोवती असते. मग मुले शाळेत जातात, पुरुष शेतावर जातात आणि ससा आपल्या वाट्याला येतो. त्याला पाला घालणे, पिंजरा झाडणे, मांजरापासून राखणे हे सगळे घरातल्या बाईचे काम होऊन बसते. म्हणून हा विषय बायकांच्या मंडळातच बोलण्याचा आहे, असे मला वाटते.

माझ्या घरीही अशीच एक जोडी आली. पांढऱ्याचे नाव नातवाने कापूस ठेवले आणि अंगावर करडे ठिपके असलेल्या मादीचे सरकी. एका पावसाळ्यात कापूस शिंकू लागला. आधी दिवसातून दोन-चारदा, मग सारखाच. नाकातून पांढरा शेंबूड यावयास लागला आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या. मला वाटले, पोराने आदल्या दिवशी पिंजरा अंगणात विसरला, तो भिजला असेल, सर्दी झाली, दुसरे काय! घरात नातवाच्या खोकल्याच्या वेळचे औषध बाटलीत उरले होते. अमॉक्सिसिलिनचे गोड, गुलाबी औषध. लहान मुलाला चालते ते मुक्या जनावराला का चालू नये, असा मी विचार केला. शहाणपणा करून मात्राही निम्मी केली आणि तीन दिवस पाजले.

शिंका खरोखरच कमी झाल्या. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. चौथ्या दिवशी कापसाने पाल्याला तोंड लावले नाही. संध्याकाळी त्याला पातळ हगवण लागली. अंग गार पडत चालले. शेजारच्या आपा येऊन बसल्या. आम्ही दोघींनी त्याला गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ धरले. पहाटे तो गेला. नातू उठला तेव्हा मी त्याला सांगितले, "सर्दीनं गेला रे." तो काही बोलला नाही. पिंजरा पावसात आपणच विसरलो होतो, हे त्याच्या मनात होते, आणि माझ्या त्या एका वाक्याने ते पक्के झाले. ते मला तेव्हा उमजले नाही.

पुढे महिन्याभराने सरकी शिंकू लागली. या खेपेस मी बाटलीला हात लावला नाही. तिला टोपलीत घालून बुलढाण्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिला तपासता तपासता मागची हकिकत विचारली. मी सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मावशी, तो ससा सर्दीनं नाही गेला. तो औषधानं गेला."

भगिनींनो, त्या दिवशी आणि त्यानंतर डॉक्टरांकडून जे शिकले आणि मग पुस्तकांतून जे पडताळून पाहिले, ते आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट सशाच्या नाकाची. आपले नाक चोंदले की आपण तोंडाने श्वास घेतो. सशाचे तसे नाही. त्याच्या घशाची घडणच अशी आहे की, स्वस्थ स्थितीत तो फक्त नाकानेच श्वास घेतो. त्याचे नाक सारखे हलताना दिसते आणि मुलांना त्याची मौज वाटते. पण तेच नाक त्याचा सगळा संसार चालवते. श्वास त्यानेच, आणि अन्नाची पारखही त्यानेच. नाक चोंदले की त्याला वास येत नाही, वास आला नाही की तो खात नाही, आणि खाल्ले नाही की त्याचे आतडे मंदावते. मोठे जनावर एखादा दिवस उपाशी राहिले तर फारसे बिघडत नाही. ससा मात्र दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही तर संकटात येतो. म्हणून सशाची सर्दी ही आपल्या सर्दीसारखी 'औषध घेतले तर सात दिवस, न घेतले तर आठवडा' अशी नसते. आणि ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला, तर ती शेवटची हाक समजावी. त्या वेळी घटकाभरही थांबू नये.

दुसरी गोष्ट, ही सर्दी होते कशाने. पावसात भिजणे हे निमित्त होते, कारण वेगळे असते. नाकात वस्ती करणारे काही जंतू असतात. त्यांतला मुख्य म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. नाव परदेशी आहे, पण त्याची भावकी आपल्या ओळखीची आहे. बैलांना आणि म्हशींना पावसाळ्याच्या तोंडाशी जो घटसर्प होतो, ज्याच्यासाठी मे-जून महिन्यांत लस टोचून घेतो, तो याच जंतूच्या एका जातीने होतो. कोंबड्यांच्या पटकीचा जंतूही हाच. प्रत्येक जनावराला त्रास देणारी त्याची जात मात्र निराळी, म्हणून गुरांची घटसर्पाची लस सशाला टोचून घेऊ म्हणाल तर ती सशासाठी नाही. याच्याबरोबर बॉर्डेटेला म्हणून दुसरा एक जंतूही सशांच्या नाकात सापडतो. तो कुत्र्यात आणि गिनीपिगमध्येही असतो. गिनीपिगला त्याने जबर न्यूमोनिया होतो, म्हणून ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नयेत.

पाश्चुरेला हे नाव लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञावरून पडले. कोंबड्यांच्या पटकीचा जंतू दुबळा करून त्याची लस बनवता येते, हे त्यांनी १८८० च्या सुमारास दाखवले. त्याच पाश्चरनी १८८५ साली पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस प्रथम माणसाला टोचली, आणि ती लस सशांचा मज्जारज्जू वाळवून बनवलेली होती. आपल्या मुंबईतही असेच घडले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. आधी ती सशांना टोचून पाहिली आणि मग १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला जी संस्था वाढली, तिला १९२५ साली त्यांचे नाव दिले. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी प्लेगाच्या गोष्टी असत. गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावे लागे. त्या गोष्टींत सशाचे नाव कधी आले नाही, पण त्याचेही त्यात ऋण आहे. एवढ्या उपकाराच्या प्राण्याला घरी आणल्यावर त्याचे नाक आपण धड राखू नये, हे बरे नव्हे.

हा जंतू पुष्कळ सशांच्या नाकात मुकाट्याने असतो. वरून ससा धडधाकट, चकचकीत. मादीकडून तो पिलांना अगदी लहानपणी लागतो. शिंकेतून एकमेकांना लागतो, पाण्याच्या एकाच भांड्यातून लागतो. जोवर सशाची प्रकृती बळकट, तोवर तो दबून राहतो. बाजारातला प्रवास, पिंजऱ्यातली दाटी, विण्याचा ताण, एकाएकी हवापालट, असे काही झाले की तो उचल खातो. माझ्या नातवाने पिंजरा पावसात विसरला नसता, तरी कापसाला ती सर्दी केव्हा ना केव्हा झालीच असती, कारण आमच्या पिंजऱ्यातच तिची तयारी चाललेली होती. ती कशी, ते सांगते.

सशाच्या मुतात अमोनिया सुटतो. पिंजऱ्याखाली गोणपाट अंथरून ते आम्ही चार-चार दिवसांनी बदलत होतो. आपण उभ्याने झाडतो, आपल्याला वास फारसा येत नाही. ससा मात्र त्या गोणपाटाला नाक लावून चोवीस तास बसलेला असतो. नाकात आणि श्वासनळीत बारीक, डोळ्यांना न दिसणारे केस असतात. आत आलेली धूळ आणि जंतू ते झाडूसारखे बाहेर लोटतात. अमोनियाने हा झाडूच निकामी होतो. डॉक्टरांनी मला एक सोपी परीक्षा सांगितली. रोज एकदा वाकून आपले नाक सशाच्या नाकाच्या उंचीवर आणावे. आपल्याला जर तेथे झिणझिण्या आल्या, डोळे चुरचुरले, तर सशाचे नाक केव्हाचेच सोसत आहे असे समजावे. घरी येऊन मी वाकले, तेव्हा मला ठसका लागला आणि लाजही वाटली.

तेव्हा ओले अंथरूण रोज बदलावे. अंथरुणाला कोरडे, स्वच्छ, बिनधुळीचे गवत घ्यावे. सोयाबीनचे कुटार किंवा लाकडाचा बारीक भुसा घालू नये. त्याची धूळ थेट नाकात जाते. पिंजरा चुलीच्या धुरापासून लांब ठेवावा. धूप, मच्छर अगरबत्ती, फिनेलचा उग्र वास यांपैकी काहीही त्याच्याजवळ नको. हवा खेळती हवी, पण झोत नको. उन्हाळ्यात कूलरच्या तोंडाशी पिंजरा ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. आपण घाटावरचे, आपल्याकडे घाटाखालच्यापेक्षा ऊन थोडे सौम्य. तरी सशाला ३० अंशांच्या वरची हवा सोसत नाही. त्याला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता बरीचशी कानांतून बाहेर टाकतो. दुपारी पिंजरा सावलीत ठेवून भोवती ओले कापड बांधावे, प्यायला गार पाणी ठेवावे. हिवाळ्यात पैनगंगेकडून पहाटेचा गारठा येतो, तेव्हा तीन बाजू झाकाव्यात आणि एक बाजू हवेला मोकळी ठेवावी. चारही बाजू बंद केल्या तर थंडी जाते, पण अमोनिया आत कोंडतो.

आता लक्षणे सांगते. ससा आपले दुखणे लपवतो. रानात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो, म्हणून निसर्गाने त्याला ही सवय लावली आहे. आपण 'सशाचे काळीज' म्हणून त्याला भित्रा ठरवतो, पण सोसण्यात तो आपल्याहून घट्ट आहे. म्हणून पाहणे आपल्याकडे. एखादी शिंक आली तर ती धुळीचीही असेल. पण शिंका वाढल्या, नाक ओले राहू लागले, डोळ्यांतून पाणी येऊ लागले, तर सावध व्हावे. नाक पाहण्याबरोबर पुढच्या पायांची आतली बाजूही पाहावी. ससा पायांनी नाक पुसतो, त्यामुळे नाक स्वच्छ आणि पाय चिकट असे पुष्कळदा आढळते. श्वासाला घरघर येणे, लेंड्या कमी किंवा बारीक होणे, मान एका बाजूला कलणे या पुढच्या पायऱ्या आहेत. मान कलते ती जंतू कानात उतरल्यामुळे. काही सशांच्या कातडीखाली गळवे होतात. त्यांतला पू लोण्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही. कधी डोळे-नाक वाहण्याचे मूळ दातांत असते. सशाचे दात जन्मभर वाढतात, आणि वरच्या दातांची मुळे अश्रूंच्या नळीला खेटून असतात. म्हणून चांगला डॉक्टर शिंकणाऱ्या सशाचे तोंडही उघडून पाहतो.

आता औषधाची गोष्ट, जिच्यासाठी मी आज उभी राहिले. सशाच्या पोटात एक मोठे आंधळे आतडे असते. गवत पचवणारे कोट्यवधी उपकारी जंतू त्यात राहतात. सशाचे पोट म्हणजे एक लहानसे दह्याचे विरजणच म्हणा. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधे तोंडावाटे पोटात गेली की हे विरजण मरते. मग क्लॉस्ट्रिडियम नावाचे विषारी जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा हगवण लागून दगावतो. सशाला ओकारीही करता येत नाही, म्हणजे आत गेलेले परत काढण्याची वाट नाही. आपल्या मुलांना ज्या बाटलीने बरे वाटते, त्याच बाटलीने ससा जातो. मात्रा निम्मी केली म्हणून तो वाचत नाही. मी हे करून बसले आहे.

तेव्हा घरातली कोणतीही उरलेली बाटली सशाला पाजू नये. छातीला चोळण्याचे मलम, कापूर, निलगिरीचे तेल त्याच्या नाकाजवळ नेऊ नये. हळदीचे दूध देऊ नये. मोठ्या सशाला दूध पचत नाही. आंघोळ तर घालूच नये. घरी करण्यासारखे एवढेच की कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने नाक हलकेच पुसावे, आजाऱ्याला निराळ्या पिंजऱ्यात ठेवावे, आधी निरोग्याचे आणि मग आजाऱ्याचे काम करावे आणि हात साबणाने धुवावेत. वास यावा आणि खावेसे वाटावे म्हणून कोथिंबीर, पुदिना, तुळशीची पाने पुढे ठेवावीत. आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. सशाच्या पोटाला सोसतील अशी औषधे त्यांच्याकडे असतात आणि ती वजनावर मोजून द्यावी लागतात. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. दुखणे अवघड असेल तर अकोल्याला पशुवैद्यकाची मोठी संस्था आहे.

सरकीला डॉक्टरांनी तीन आठवडे औषध दिले. दहाव्या दिवशी शिंका थांबल्या, तेव्हा मी औषध बंद करू का म्हणून विचारले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, शिंक थांबली, जंतू थांबला नाही." पूर्ण दिवस भरले तेव्हा ती बरी झाली. बरी म्हणजे अगदी निर्मूळ नव्हे. हा जंतू नाकाच्या कोपऱ्यांत लपून बसतो आणि पुष्कळदा कायमचा जात नाही. हवा पालटली की सरकी अजूनही शिंकते. मी वाकून नाक लावते, अंथरूण बदलते, दोन दिवसांत ती ताळ्यावर येते. दम्याचे माणूस घरात असले म्हणजे जसे सांभाळून घ्यावे लागते, तसेच हे. आमचे आता ते अंगवळणी पडले आहे.

खाण्याचे थोडक्यात सांगते. सशाचे मुख्य अन्न म्हणजे गवत. वाळलेले गवत तर चोवीस तास पुढे हवे. पाला त्याच्या जोडीला. गाजर, भाकरी, बिस्किटे हा मुलांच्या हौसेचा खाऊ आहे. नवीन ससा आणला तर महिनाभर जुन्यापासून निराळा ठेवावा. घेताना शिंकणारा, ओल्या नाकाचा ससा दया आली म्हणून उचलू नये, आणि त्याच्या पिंजऱ्यातला दुसराही घेऊ नये.

रानातल्या सशाबद्दल एक शब्द. शेतात पेंढ्या उचलताना कधी रानसशाचे पिलू सापडते. मुले ते घरी आणतात. आपला पांढरा ससा आणि रानससा हे निराळे प्राणी आहेत. पांढऱ्याची पिले उघडी-नागडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात, रानसशाची पिले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. ते पिलू टाकून दिलेले नसते. आई दिवसा लांब राहते आणि पाजायला परत येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानसशाला संरक्षण आहे. पिलू होते तेथेच राहू द्यावे.

आता शेवटचे. डॉक्टरांनी खरे सांगितले त्या दिवशी मी घरी आले आणि गप्प बसले. आठ दिवस गेले. पुन्हा पाऊस आला तेव्हा नातू मध्यरात्री उठला आणि पिंजरा घरात आणला आहे की नाही ते पाहून गेला. दुसऱ्या रात्रीही उठला. तिसऱ्या रात्री मी त्याला जवळ बसवले आणि म्हटले, "बाळा, कापूस पावसानं गेला नाही. माझ्या औषधानं गेला. मला कळत नव्हतं." त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग विचारले, "मग तू मला आधी का नाही सांगितलं?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. पण त्यानंतर तो रात्री उठला नाही.

म्हणून आज हे आपल्यापुढे उघड सांगितले. चूक कोणाकडूनही होते. ती झाकली तर तिचे ओझे घरातल्या सर्वांत लहान खांद्यावर जाऊन बसते, आणि उघड केली तर चार घरांचे ससे वाचतात. घरी गेल्यावर एवढेच करा. पिंजऱ्यापाशी वाका, आपले नाक सशाच्या नाकाशी न्या आणि फळीवरच्या उरलेल्या बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. सरकीला पाहावयास कोणाला यावयाचे असेल, तर आमचे दार उघडे आहे.